नोंदवहीवरचा अंगठा

आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चची मागची खोली. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात नाताळच्या माळा आणि एक बिघडलेला ॲम्प्लिफायर. अगदी खालच्या खणात बाप्तिस्म्याची नोंदवही. चर्चची देखभाल करणाऱ्या काकांनी ती काढली, फडक्याने पुसली आणि टेबलावर उघडली. छापील इंग्रजी रकाने होते: बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, विधी करणाऱ्या पाळकाची सही. शाई चहाच्या डागासारखी तपकिरी पडलेली. काही ओळींच्या समासात, छापील रकान्यांच्या बाहेर, कुणीतरी बारीक अक्षरात एकेक शब्द लिहून ठेवला होता. ती जात होती. मी मोबाईल वर करून फोटो घ्यायला लागलो, तशी काकांनी पानावर हात आडवा केला. मग तो बाजूला घेऊन फक्त समासावर अंगठा ठेवला. म्हणाले, "तेवढं सोडून घ्या, सर."

तो फोटो माझ्याकडे आहे. नावं, तारखा, गावं स्पष्ट दिसतात आणि उजव्या कडेला एक अंगठा. आज ज्या प्रश्नाचा विचार करायचा आहे तो सगळा त्या एका फोटोत आहे. महाराष्ट्रातल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चर्चांनी शंभरी, काहींनी दीडशे वर्षं ओलांडली. स्मरणिका निघतात, रंगरंगोटी होते, मनोऱ्याच्या घंटेचा इतिहास लिहिला जातो. पण या चर्चांचा खरा इतिहास मनोऱ्यात फारसा नाही, तो बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या तीन वह्यांत आहे. त्या वह्या सर्वांना खुल्या कराव्यात का? दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि दोन्हीकडची माणसं समंजस आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोल्हापुरात प्रोटेस्टंट मिशनचं काम सुरू केलं ते अमेरिकन रॉयल वायल्डर यांनी, १८५२ मध्ये. अँग्लिकन पंथाची एस.पी.जी. ही इंग्लंडची जुनी मिशन संस्था इथे आली ती १८७० च्या सुमारास. म्हणजे संस्थान एक आणि मिशनं दोन. एक बिशपांच्या अधिकाराखालचं, दुसरं बिशप न मानणारं, प्रेस्बिटेरियन. आज वायल्डर मेमोरियल चर्च आणि ऑल सेंट्स चर्च ही दोन्ही नावं नाताळच्या बातम्यांत एका ओळीत येतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन हे दोन्ही प्रवाह तिच्यात मिळाले. मंडळ्या एक झाल्या, वह्या मात्र आपापल्या कपाटांतच राहिल्या. कुठे इंग्लंडहून आलेले छापील रकाने, कुठे साध्या वहीत हाताने आखलेल्या रेघा.

वह्या खुल्या कराव्यात असं म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा मला सर्वांत बिनतोड वाटतो. ब्रिटिश काळात अँग्लिकन कामाच्या दोन वाटा होत्या. सरकारी पगारावरचे चॅपलेन गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि फौजेसाठी. मिशनरी इथल्या लोकांसाठी. चॅपलेनांकडच्या नोंदींच्या नकला ठरलेल्या मुदतीत मुंबईला जात आणि तिथून लंडनच्या इंडिया ऑफिसात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि गेल्या दशकात वंशावळींच्या व्यावसायिक संकेतस्थळांवरही आल्या. त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या एखाद्या छावणीत जन्मलेल्या, वर्षाच्या आत तापाने गेलेल्या गोऱ्या मुलाचं नाव यॉर्कशायरमधला त्याचा वंशज घरबसल्या शोधू शकतो. मुलाची कबर कुठे आहे, तिच्यावर काय कोरलं आहे, हे पाहणारीही एक संस्था १९७० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये काम करते. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात बाप्तिस्मा झालेल्या मराठी मुलीचं नाव मात्र बहुतेक वेळा एकाच प्रतीत आहे, आणि ती प्रत लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आहे.

खालचा खण हा शब्द मी मुद्दाम वापरतो. २००५, २०१९, २०२१ — पंचगंगेच्या पुराची ही वर्षं कोल्हापूरकरांना सांगावी लागत नाहीत. मी पाहिलेल्या वहीच्या शेवटच्या चाळीसेक पानांवर एक फिकट आडवी रेघ आहे. त्या रेघेपर्यंत ओल चढली होती. काकांनी पानं पंख्याखाली सुकवली. त्यातली काही एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. उघडं करा किंवा झाकून ठेवा, पण आधी वही असली तर पाहिजे.

याला जोडून दुसरा मुद्दा येतो, उपयोगाचा. जन्माची सरकारी नोंद करण्याची सवय खेड्यापाड्यांत उशिरा लागली. जन्मतारीख, आजोबांचं नाव, मूळ गाव यांचा पुरावा म्हणून चर्चच्या दाखल्यासाठी लोक आजही येतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरलं जातं. ती सवलत घ्यायची तर घराणं मूळचं कुठल्या जातीचं होतं हे दाखवावं लागतं. काकांच्या अंगठ्याखालचा तो एक शब्द एखाद्या मुलीच्या प्रवेशाचा कागद ठरू शकतो. झाकलेल्या वहीचा उपयोग फक्त किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्या ओळखीतल्यांना होतो, हा आक्षेप खोटा नाही.

या सगळ्याला इंग्लंडचा आदर्श पुढे केला जातो. तिथल्या प्रत्येक खेड्यातल्या चर्चची नोंदवही म्हणजे त्या खेड्याचा इतिहास. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने अशी वही ठेवावी असा हुकूम काढला. त्या वेळी लोक बिथरले. बाप्तिस्म्यावर आणि लग्नावर नवा कर बसणार अशी आवई उठली. पुढे चार शतकांत त्या वह्या देशाचा ठेवा झाल्या. १९७८ च्या चर्च कायद्याने जुन्या वह्या चर्चच्या पेटीतून काढून जिल्ह्याच्या अभिलेखागारात ठेवण्याची तजवीज केली. तिथे कुणीही जाऊन पाहू शकतो. खेड्यातल्या शाळेचे मास्तर निवृत्तीनंतर त्या वह्यांवरून गावाचा इतिहास लिहितात, साथीच्या वर्षी किती लेकरं गेली ते मोजतात. मग आपणही शंभर वर्षांचा नियम करून मोकळं व्हावं, असं म्हणायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती पॅरिश या शब्दातच आहे. इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे जमिनीचा तुकडा. देशातलं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये येतं. जमीनदार, लोहार, मेंढपाळ, सरायवाला, सगळ्यांची नावं एकाच वहीत, कारण सगळ्यांचा बाप्तिस्मा तिथेच व्हायचा. ती शिरगणती होती म्हणा ना. वहीत नाव असणं ही वेगळेपणाची खूण नव्हती. नसणं ही कदाचित असेल. आपल्याकडे तीच वही, तेच छापील रकाने, पण गाव वेगळं. कोल्हापूर संस्थानातल्या खेड्यात दोनशे घरं असली तर त्या वहीत पाच घरांची नावं. इथली वही सगळ्या गावाची नव्हती, गावापासून बाजूला झालेल्यांची होती. आकार तोच राहिला, अर्थ उलटा झाला. गावातल्या सगळ्यांची यादी उघडी करणं आणि त्यातल्या मोजक्यांची यादी उघडी करणं, या दोन गोष्टी एका नियमात कशा बसतील?

आणि शंभर वर्षांत नोंद थंड होते, हे गृहीतही आपल्याकडे टिकत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर पसरला, तो काळ आठवावा. तहसील कार्यालयांतली मोडी कागदपत्रं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, शाळांची जनरल रजिस्टरं झटकून बाहेर काढली गेली. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. आमच्या कळंब्यातही संध्याकाळी तलावाकडे फिरायला निघालेली माणसं पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय याच गोष्टी करत होती. एरवी बाहेरगावच्या माणसाला कळंबा म्हटलं की तलाव नाहीतर जेल आठवतं. त्या हिवाळ्यात मात्र आमची ओळख पणजोबांच्या कागदावर येऊन थांबली होती. एकोणिसाव्या शतकात कुणा कारकुनाने टाक बुडवून लिहिलेला शब्द एकविसाव्या शतकातल्या पोराचा प्रवेश ठरवत होता. अशा मुलखात जुनी वही म्हणजे नुसता इतिहास, असं कोण म्हणेल?

कोल्हापूरने तर हे फार आधी पाहिलं आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. सरकारदरबारी लिहिलेली जात तोवर माणसाला अडवायला वापरली जात होती. त्या हुकमाने ती त्याला पुढे घ्यायलाही वापरता येऊ लागली. म्हणून इथे जातीची नोंद हा शब्द कानावर पडला की माणूस दोनच गोष्टींचा विचार करतो: मिळणार काय आणि जाणार काय.

ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत 'जाणार काय' हा भाग जड आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. त्यांच्या प्रश्नाचा विचार करायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दरम्यान, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अर्जदार महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, आणि त्या प्रकरणात तिच्या बालपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात होती. निकाल बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. पण बाप्तिस्म्याची वही न्यायालयात उभी राहू शकते, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. ज्यांच्या घरात एक भाऊ चर्चला जातो आणि दुसरा जात नाही, ज्यांचे चुलते कागदोपत्री एक आणि रविवारी दुसरे असतात, अशी कुटुंबं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना अप्रामाणिक ठरवणं सोपं आहे. चार पिढ्या दोन्हीकडून दार बंद असताना माणूस कसा जगतो, हे समजून घेणं तेवढं सोपं नाही.

काकांचा अंगठा मात्र आरक्षणासाठी नव्हता, असं मला वाटतं. नंतर चहा पिताना ते एवढंच म्हणाले, की त्या पानावरची चार घरं अजून आमच्याच गल्लीत आहेत. पणज्याने जे मागे टाकण्यासाठी पाण्याखाली डोकं धरलं, ते पाळकाने त्याच दिवशी समासात लिहून ठेवलं. आता तेच सगळ्यांना वाचायला द्यायचं का? या प्रश्नाला उत्तर देताना मीही अडखळलो.

असं असूनही जात पुसून लिहिलेला चर्चचा इतिहास खोटा होतो, ही दुसरी बाजू सोडता येत नाही. महाराष्ट्रातल्या मंडळ्या कुणी भरल्या? थोडे ब्राह्मण आले, त्यांच्यावर पुस्तकं झाली. बाकीचे बहुसंख्य महार आणि मांग वस्त्यांतून आले, त्यांची नावं फक्त या वह्यांत आहेत. तोच शब्द झाकला तर राहतात ते पाळक, बिशप आणि नेहेम्या गोऱ्ह्यांसारखे ब्राह्मण. स्मरणिकांमध्ये नेमकं हेच होतं: संस्थापक मिशनऱ्याचा फोटो पहिल्या पानावर, आणि ज्यांनी चर्चचे दगड वाहिले ते 'स्थानिक बांधव'. शिवाय एक जुना आरोप आहे, की दुष्काळात धान्यासाठी लोक ख्रिस्ती झाले. तो आरोप करणारेही वह्या पाहत नाहीत आणि त्याने दुखावणारेही. १८७६ ते ७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात बाप्तिस्मे वाढले की नाही, वाढले असतील तर पाऊस आल्यावर ती माणसं मंडळीत राहिली की गेली, हे तारखांवरून मोजता येतं. काही ठिकाणी आरोपात तथ्य निघेल, काही ठिकाणी नाही. दोन्ही पक्षांना या मोजणीची थोडी भीती आहे, म्हणून ती व्हायला हवी. आणि गंमत अशी, की या मोजणीला एकही नाव लागत नाही.

नावांचंही एक वेगळंच आहे. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. शेती, सुतारकाम, लोहारकाम, शाळा आणि चर्च. इंग्लंडमधल्या खेड्याचा नमुना गोदावरीकाठी उतरवायचा तो प्रयत्न होता. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं पुढे तिथे ठेवली गेली. त्यांतला जेकब वेनराइट मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी आफ्रिकेत गेला, लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर झाडावर मजकूर कोरला आणि त्याच्या देहाबरोबर इंग्लंडला पोचला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. मिशनने कागद ठेवले म्हणून जगाला हा मुलगा माहीत आहे. पण जेकब वेनराइट हे त्याचं नाव नव्हे. याओ जमातीच्या त्या मुलाला आईने काय हाक मारली असेल, ते लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. नोंदीने त्याला इतिहासात आणलं आणि त्याच नोंदीने त्याचं आधीचं आयुष्य पुसलं. शरणपूर रोडवर आज दुकानांच्या पाट्या वाचत जाणाऱ्या नाशिककराला यातलं किती ठाऊक असतं?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण नेमकं उलट दिशेचं आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या लहान गावात त्यांचा बाप्तिस्मा झाला, नाव ठेवलं मेरी रमा. ते नाव त्यांनी मिरवलं नाही. अँग्लिकन भगिनींशी त्यांचा पंथाच्या मतांवरून जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या कुणाचंही ओझं डोक्यावर घ्यायला तयार नव्हत्या. वहीत जे लिहिलं गेलं ते एक, त्या जगल्या ते दुसरं. मात्र रमाबाईंना वहीशी वाद घालायला लेखणी होती. समासात ज्यांच्याविषयी लिहिलं गेलं, त्यांतल्या बहुतेकांनी लग्नाच्या वहीत सहीच्या जागी फुलीच काढली. त्यांच्या वतीने आज कुणी बोलायचं, चर्चने, संशोधकाने की पणतवंडांनी?

आता ताबा कुणाचा हा कळीचा प्रश्न. पुराभिलेखागाराचं एक कार्यालय कोल्हापुरात आहे. कागद हाताळण्याचं प्रशिक्षण तिथे आहे, आणि छत्रपतींच्या दप्तराला जे संरक्षण मिळतं ते मंडळीच्या वहीलाही मिळावं हे म्हणणं रास्त आहे. तथापि, धर्मांतर हा शब्द ऐकला की ज्या काळात आवाज चढतात, त्या काळात ख्रिस्ती कुटुंबांची नावनिशीवार यादी सरकारच्या हवाली करा असं सांगताना सांगणाऱ्याने जरा ऐकणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहावं. उलटपक्षी, सगळं धर्मप्रांताच्या कचेरीत ठेवण्यालाही मर्यादा आहेत. चर्चच्या जागा आता मोक्याच्या झाल्या. मालमत्तेवरून, सभासदत्वावरून वाद होतात आणि तेव्हा जुनी वही हा पुरावा असतो. वादातला कागद कपाटातून कधी कधी पाय फुटून जातो. एका मंडळीत, तिचं नाव नको, दफनाची वही 'फोटोकॉपीसाठी' बाहेर गेली ती परत आली नाही, असं तिथल्याच वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं. कुणाला दोष द्यावा हे त्यांनाही कळत नव्हतं. वहीला नंबर नव्हता, नेणाऱ्याची सही नव्हती.

हे सगळं पारड्यात टाकल्यावर माझा काटा थोडा उघडं करण्याकडे झुकतो. थोडाच, आणि इंग्लंडचा नियम जसाच्या तसा उचलून नव्हे. मला सुचतं ते असं. पहिल्यांदा प्रती काढाव्यात, त्यात समासासह सगळं यावं, अंगठा न ठेवता. कारण आज जे टिपलं नाही ते पुढच्या पुरात जाणार. मूळ वही मंडळीकडे, एक प्रत धर्मप्रांताकडे, एक मोहोरबंद प्रत अभिलेखागारात, मंडळीच्या संमतीशिवाय न उघडण्याच्या लेखी अटीवर. दुसरं, शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींतले आकडे, म्हणजे वर्ष, गाव, वय, धंदा आणि जातवार संख्या, नावांशिवाय सर्वांना खुले करावेत. दुष्काळाचा प्रश्न, साथींचा प्रश्न, कुठल्या वस्तीतून किती आले हा प्रश्न एवढ्यावर सुटतो, आणि जात इतिहासातून पुसली जात नाही. तिसरं, नाव आणि जात एकत्र वाचण्याचा हक्क त्या घरातल्या माणसाचा. त्याने मागितली तर नोंद त्याच दिवशी मिळावी, पाळकांच्या मर्जीवर नव्हे; आणि त्याने मागितली नाही तर दुसऱ्या कुणाला मिळू नये.

यात तोटा आहे, तो लपवत नाही. आडनावावरून माग काढणाऱ्या अभ्यासकाची वाट अडते. एखाद्या घरात दोन भावांचं मत दोन प्रकारचं असेल, तर नोंद द्यायची की नाही? एकाचा हक्क तो दुसऱ्याचा उघडेपणा. आणि संस्थापकांपैकी एखाद्या मांग कुटुंबाचं नाव अभिमानाने भिंतीवर लावायला हवं असेल, तर माझ्या नियमाने ते त्यांच्या वारसांना विचारूनच करावं लागेल. वारस सापडले नाहीत तर ती पाटी कोरीच राहील. ज्यांना हे पटत नाही त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. आंबेडकरी चळवळीतून आलेले माझे एक स्नेही म्हणतात, की लाज ज्यांनी वाटून घ्यायची त्यांनी घ्यावी, आम्ही आमची जात का झाकायची? त्यांच्या बोलण्यात जोर आहे. पण ते आपल्या घराविषयी निर्णय घेताहेत. काकांच्या गल्लीतल्या चार घरांविषयी तो त्यांना घेता येणार नाही, मलाही नाही.

आमच्या सीमाभागात हेळवी येतात. बैलावर सामान लादून, दारात बसून, चोपडी काढून घराण्याची वंशावळ सांगतात. कोण कुठून आलं, कुणाला किती मुलगे, कुणाचा वंश खुंटला. चोपडी सगळ्या गावाची असते, पण एका घराच्या दारात ते दुसऱ्या घराचं वाचत नाहीत. मला वाटतं, इंग्लंडमधल्या अभिलेखागाराच्या नियमांपेक्षा ही रीत आपल्या कामाला जवळची आहे.

राहिला व्यवहार. यासाठी मोठा प्रकल्प, अनुदान, परिसंवाद यांची वाट पाहायची गरज नाही. चांगला मोबाईल, खिडकीतला उजेड, पान सपाट धरायला काचेचा तुकडा आणि मंडळीतली दोन तरुण मुलं. दीडशे पानांची वही दोन रविवारी दुपारी होते. हातांना तेल-हळद नको, पानावर सेलोटेप तर मुळीच नको. वहीला नंबर द्यावा आणि बाहेर काढली की सही घ्यावी.

मी पुन्हा गेलो तेव्हा वही वरच्या खणात होती. माळा खाली गेल्या होत्या, ॲम्प्लिफायर दुरुस्तीला. काकांनी विचारलं, पावसाळ्याआधी मुलं पाठवता का. मी हो म्हणालो. समासाचं काय करायचं ते मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. म्हणाले, कमिटीत विचारतो, आणि त्या चार घरांत जाऊन येतो.